सागवानी टॉपवर पीयूला (पॉलियुरेथेन पॉलिशला) दर उन्हाळ्यात बारीक भोकं पडतात, त्याचं काय करायचं

मार्च सरत आला की आमच्याकडे फोन सुरू होतात. कधी बार्शीचा मिस्त्री, कधी अक्कलकोटचा पॉलिशवाला, कधी इथलाच, सोलापुरातल्या विजापूर रोडवरचा घरमालक. प्रश्न एकच असतो. "टॉपला भोकं आलीत ओ, आता काय करू?"

मी आधी विचारतो, भोकं कशी दिसतात ते नीट सांगा. कारण "भोकं", "फोड", "बुडबुडे", "दाणे" हे शब्द लोक कशालाही वापरतात. चार वेगळ्या आजारांना एकच नाव दिलं की औषधही चुकीचंच मिळतं. मी ज्या आजाराबद्दल लिहितोय त्याची लक्षणं अशी. स्प्रे गन मारताना टॉप आरशासारखा दिसतो, छताचं पाखं त्यात उतरतं. अर्ध्या-पाऊण तासाने डोकं खाली घेऊन तिरप्या उजेडात बघितलं की सागवानाच्या रेषेरेषेने सुईने टोचल्यासारखे ठिपके दिसतात. काहींवर अजून पापुद्रा असतो, नखाने दाबला की टचकन फुटतो आणि आत पोकळ असतं. काही आधीच फुटून खड्डा झालेले असतात. सगळीकडे सारखे नसतात, ओळी धरून असतात. जिथे लाकडाची नस उघडी, तिथे जास्त. हे तुमच्या टॉपला जुळत असेल तर पुढे वाचा. ठिपके रेषा न धरता कसेही विखुरलेले असतील, किंवा मधे खड्डा आणि भोवती गोल कडं असेल, तर ते प्रकरण वेगळं आहे. त्याबद्दल नंतर लिहिलंय.

मी स्वतः दोन उन्हाळे यात घालवले. जुळे सोलापूरच्या एका घरचं सहा माणसांचं डायनिंग टेबल होतं, अस्सल सागवानाचा, पट्ट्या जोडून केलेला टॉप. तो तीनदा घासून परत मारला. पहिल्यांदा वाटलं माल खराब आहे. दुकानदाराशी भांडून डबा बदलून आणला. (त्याचा काडीचाही दोष नव्हता. नंतर जाऊन चहा पाजला.) दुसऱ्यांदा थिनर बदललं. तिसऱ्यांदा गनचं नोझल १.४ मिलिमीटरचं काढून १.३ चं घातलं, कॉम्प्रेसरचा दाब कमी केला. तिन्ही वेळा तेच. घरच्या ताई शांत होत्या, पण त्यांच्याकडे लेकीची बोलणी करायला पाहुणे यायचे होते आणि माणसं जमिनीवर ताटं मांडून जेवत होती. रोज सकाळी त्यांचा मेसेज यायचा, "आज होईल का?" एवढाच.

आता लाज वाटते ती एका गोष्टीची. त्याच दिवशी, त्याच डब्यातला माल, त्याच गनने मी दुसऱ्या गिऱ्हाईकाची एमडीएफची (लाकडाचा बारीक तंतू दाबून केलेल्या फळीची) दोन शटरं मारली होती. ती निर्मळ निघाली. माल, थिनर, हवा, हात सगळं तेच. फक्त खालचं लाकूड वेगळं. हे डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही, कारण डोक्यात डबा बसला होता.

काच ठेवून बघा

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. खिडकीची काच बदलताना उरलेले वीतभर तुकडे जपून ठेवतो. जॉब मारताना थिनरने पुसलेला एक तुकडा टॉपच्या शेजारी, त्याच पातळीवर ठेवतो, आणि गनचा हात टॉपवरून सरळ काचेवरून पुढे जातो. काचेला छिद्रं नसतात, तिच्यातून हवा येत नाही, ती तेल पीत नाही. वाळल्यावर काचेवरही बुडबुडे असतील तर दोष वरून आलाय: मिश्रण, थिनर, हवेच्या नळीतलं पाणी, नाहीतर हात. काच स्वच्छ आणि टॉपला भोकं, तर दोष खालून आलाय. म्हणजे लाकडातून. फुकटात होणारी इतकी पक्की तपासणी दुसरी मला माहीत नाही, आणि तरी दहातले नऊ कारागीर ती करत नाहीत. डबा बदलायला मात्र लगेच तयार असतात.

आमची काच स्वच्छ होती. मग लाकडात काय होतंय?

ते कळलं अपघाताने. एप्रिलमधे एका दिवशी सकाळीच वीज गेली आणि कॉम्प्रेसर बंद पडला. पोरं बसून कंटाळली. वीज आली संध्याकाळी सहा वाजता. काम उरकायचं म्हणून साडेसहाला एका सागवानी कपाटाचे ड्रॉवरचे दर्शनी भाग मारून घेतले. मनात म्हटलं, घाईत मारलंय, उद्या घासावंच लागणार. दुसऱ्या दिवशी बघतो तर एकाला भोक नाही. नऊच्या नऊ साफ.

मग मी कोविडात घेतलेला तो कपाळासमोर धरायचा तापमापक काढला. त्यात माणसाचा ताप आणि वस्तूचा ताप असे दोन मोड असतात. वस्तूच्या मोडवर टाकला आणि दिवसभर एका कोऱ्या सागवानी फळीचा ताप मोजला. आमचं शेड पत्र्याचं आहे, अक्कलकोट रोडच्या बाजूला. भिंती विटांच्या, पण डोक्यावर पत्रा. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातले आकडे भिंतीवर खडूने लिहिले होते ते अजून पुसले नाहीत: सकाळी साडेसात, २९. साडेदहा, ३७. बारा, ४२. साडेतीन, ४५. सहा, ४०. आठ, ३६.

आता आमचा नेहमीचा रिवाज काय होता? "ऊन चढायच्या आत मारून घ्या." सोलापुरात हे शहाणपण बाळकडूत मिळतं. बाजार सकाळी, शेतातली कामं सकाळी, लग्नाचा मांडव सकाळी, तसं पॉलिशही सकाळी. आम्ही साडेसात-आठला टॉप मारायचो आणि वर शहाणपणा म्हणजे "लवकर वाळू दे" म्हणून तासाभराने तो कोवळ्या उन्हात नेऊन ठेवायचो.

म्हणजे ओला पीयू वर आणि खालचं लाकूड २९ वरून ३७ आणि ३७ वरून ४२ कडे निघालेलं. सागवानाची रचना आठवा. ते वलयछिद्री लाकूड. वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीला आलेल्या नळ्या इतक्या मोठ्या असतात की आडव्या कापलेल्या टोकावर साध्या डोळ्याला दिसतात. या नळ्यांत हवा भरलेली असते. हवा तापली की फुगते, एका अंशाला साधारण तीनशेवा भाग. बारा अंश चढले तर चार टक्के. ऐकायला कमी वाटतं. पण नळी खूप लांब आहे, तिचं तोंड आपण ओल्या पीयूने झाकलंय, आणि फुगलेल्या हवेला दुसरी वाट नाही. ती तोंडावरच्या पातळ पापुद्र्याला फुगवते. पीयू अजून ओला असेल तर बुडबुडा फुटून जागा परत भरून येते. पण उन्हाळ्यात वरचा थर दहा-पंधरा मिनिटांत चिकट होतो आणि मग बुडबुडा आहे तसा राहतो, किंवा फुटला तर खड्डा भरून येत नाही. एमडीएफला अशा नळ्या नसतात. विनियरला असतात, पण ते कागदासारखं पातळ आणि खाली गोंद, म्हणून हवेचा साठाच नाही. म्हणून फक्त अस्सल सागवान आणि शिसवसारखं मोठ्या छिद्रांचं लाकूड रडवतं.

ताप उतरतीला लागला की हेच उलट होतं. लाकूड ४० वरून ३५ कडे येताना आतली हवा आकसते आणि सीलर (शेवटच्या थराआधी छिद्रं बुजवायला लावतात तो माल) थोडा आत ओढून घेते. फोड येत नाहीत, शिवाय पकडही चांगली बसते. त्या संध्याकाळी नेमकं हेच झालं होतं.

आता उन्हाळ्यात काय करतो

मार्च ते मे मधे अस्सल लाकडाचा जॉब आम्ही सकाळी मारत नाही. सकाळी घासकाम, लांबी (पुट्टी) भरणं, फिटिंग, ज्यात घाम आहे ते सगळं. दुपारी चारच्या सुमाराला टॉप पत्र्याखालून काढून मागच्या स्लॅबच्या खोलीत नेतो. तिथे तो साडेसहापर्यंत ३५-३६ वर येतो आणि अजून उतरत असतो. मग मारायचं. ४५ अंशाच्या लाकडावर थेट मारू नका. तिथे दुसरा त्रास होतो: गनमधून निघालेला थेंब लाकडावर पडून पसरायच्या आधीच सुकतो आणि हाताला खरखर लागते. हाताचा पालथा पंजा फळीवर ठेवा, चटका वाटला तर थांबा.

मारून झालं की त्याला हलवायचं नाही. रात्रभर त्याच खोलीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा तापू लागतो तोपर्यंत दहा-बारा तास झालेले असतात आणि थर आतली हवा दाबून धरण्याएवढा घट्ट झालेला असतो. कोवळ्या उन्हात नेण्याची सवय आमच्या जुन्या मिस्त्रींना सोडवायला एक हंगाम लागला. ते म्हणायचे, "पन्नास वर्षं उन्हातच वाळवलं." खरं आहे. पण ते लाखेचं पॉलिश होतं, चिंधीच्या बोळ्याने लाकडाच्या छिद्रांत रगडून बसवलेलं, पन्नास पातळ हातांचं. गनने एका हातात जाड ओला थर बसतो, तिथे तो न्याय लागू होत नाही.

संध्याकाळचे दोन शत्रू आहेत. एक वळीव. एप्रिल-मे मधे चार-पाचला पश्चिमेकडे काळं भरून आलं की आधी धुळीचा लोट येतो, मग चार थेंब. आभाळ तसं दिसलं तर आम्ही मिश्रणच करत नाही. हार्डनर (पीयूत मिसळायचा, त्याला घट्ट करणारा भाग) घातला की माल थांबत नाही, वीज गेली किंवा धूळ आली तर सगळा डबा वाया. दुसरा शत्रू किडे. ट्यूबलाइट लावली की ते येणारच. खोलीतला दिवा मारताना लागतो, तो मारून झाल्यावर बंद करतो आणि अंगणात लांब एक बल्ब लावून ठेवतो, म्हणजे पाहुणे तिकडे जातात.

आणि एक दिवेलागणीची गोष्ट. सकाळी मारायचो तेव्हा हा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी देवापुढे निरांजन, उदबत्ती लावायची वेळ आणि गन चालू करायची वेळ एकच झाली. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ज्योतीलाही पोचते. आम्ही देव्हारा पुढच्या दुकानात हलवला आणि दिवा साडेपाचलाच लावून, तो विझल्यावर काम सुरू करतो. आईला हे आवडलं नाही, पण तिने ऐकलं.

नस आधी बुजवा

वेळ बदलल्याने ऐंशी टक्के प्रश्न सुटला असं माझा अनुभव सांगतो. उरलेला सुटतो तो पहिल्या हातात.

बहुतेक जण सीलर जाड ठेवून गनने भसाभस मारतात, कारण "दोन हातांत भरणा होतो". जाड सीलर नळीच्या तोंडावरून साय धरल्यासारखा जातो, आत उतरत नाही. आत हवा तशीच. आम्ही पहिला सीलर नेहमीपेक्षा बराच पातळ करतो आणि तो गनने मारतच नाही. ब्रशने लावतो, आधी रेषेला आडवा, मग रेषेबरोबर. आडवा ब्रश फिरला की माल छिद्रांत ढकलला जातो. त्यावर दहा मिनिटं जाऊ देऊन, फडक्याने वरचं जास्तीचं पुसून घेतो. तो वाळला की ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका हात. मग गनने सीलरचे दोन पातळ हात, मधे डब्यावर लिहिलंय तेवढं अंतर. मग ३२० आणि शेवटी ४००. टॉप कोट, म्हणजे वरचा दिसणारा थर, सगळ्यात शेवटी, पातळ ओला एक, पाच-सात मिनिटांनी पूर्ण ओला दुसरा.

पातळ म्हणजे किती, हे हाताने ठरवू नका. बी-४ कप मिळतो, खाली भोक असलेला; तो किती सेकंदांत रिकामा होतो त्यावरून माल किती पातळ ते कळतं. टॉप कोट आमच्याकडे १८ ते २० सेकंदांत रिकामा व्हावा असा ठेवतो. सकाळी १८ सेकंद येणारा माल दुपारी तापून १५ वर येतो, म्हणून मोजायचं ते मारायच्या वेळी. मिसळण्याचं प्रमाण मात्र कंपनी सांगेल तेच. बेस, हार्डनर, थिनर मापाने, डोळ्याने नाही. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल असं वाटणारे बरेच भेटतात. विरजण जास्त झालं की दही आंबतं, इथे फिनिश कडक होऊन तडकतं.

सागवानाबद्दल एक गोष्ट या निमित्ताने सांगतो. त्यात मूळचं तेलकट द्रव्य असतं, म्हणून तर वाळवी त्याच्या वाटेला जात नाही. पण तेच पीयूची पकड कमी करतं आणि कधी कधी वाळणं लांबवतं. घासून झालं की सुताराच्या हातात न देता लगेच थिनरच्या फडक्याने एकदा पुसा, आणि त्याच दिवशी सीलर लावा. आठवडाभर ठेवलं तर तेल परत वर येतं.

एनसीचा (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) सँडिंग सीलर उरलाय म्हणून तो पीयूखाली वापरू नका. वरच्या पीयूमधलं थिनर त्याला मऊ करतं, सुरकुत्या येतात, नाही आल्या तर दोन वर्षांनी पापुद्रे निघतात. ज्याला सहा महिन्यांची गॅरंटी द्यायचीय त्याने वापरावा.

भोकं पडलेला टॉप सुधारायचा कसा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्यावरच अजून एक जाड हात. तो भोकावरून पूल बांधतो, खाली हवा राहते, आणि तेच परत होतं. मी तीनदा केलं ते हेच होतं.

रात्रभर कडक होऊ द्या. मग ३२० ने घासा, भोकांची तोंडं उघडी होईपर्यंत. नुसती चमक घालवून थांबू नका. घासलेली पांढरी पूड भोकांत बसते आणि वाटतं की भोकं भरली. थोडा थिनर चिंधीवर घेऊन पुसा, दोन मिनिटांत खरी भोकं काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. मग सीलर नेहमीसारखा मिसळून, जुनं एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकची पट्टी घेऊन रेषेला आडवं, दाबून ओढा, लांबी ओढतो तसं. भोकात माल, बाकी सपाटीवर जवळपास काहीच नाही. हे उतरत्या तापाला, म्हणजे संध्याकाळीच करा, नाहीतर भरलेली भोकं सकाळी परत उघडी. दुसऱ्या दिवशी ४०० ने सपाट करून एकदा बघा, गरज वाटली तर परत ओढा. त्या टॉपला मला दोनदा ओढावं लागलं. मग संध्याकाळी टॉप कोट. ताईंच्या घरी तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, पाहुण्यांच्या आदल्या दिवशी. चार दिवस तरी गरम पातेलं थेट ठेवू नका एवढंच सांगितलं. पीयूला पूर्ण घट्ट व्हायला सात दिवस लागतात, हाताला सुकं लागणं वेगळं.

काचेवरही आले असतील तर

आता दुसरी बाजू. काचेवरही बुडबुडे आले असतील तर लाकडाला सोडा. तीन संशयित आहेत आणि तिघांच्या खुणा वेगळ्या.

एक, थर जाड आणि थिनर फार झटपट उडणारं. वरचा पापुद्रा आधी सुकतो, खालचं थिनर नंतर फोडून बाहेर येतं. टॉपच्या कडेला, कोपऱ्यात, गोलाईत, जिथे माल साचतो तिथे जास्त. यावर हळू उडणारं थिनर किंवा रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य). आम्ही एकूण थिनरच्या दहाव्या भागापेक्षा जास्त रिटार्डर घालत नाही. जास्त झालं की रात्रभर चिकट राहतं आणि सकाळी धुळीचा लेप तयार. गन टॉपपासून वीतभर अंतरावर, एका हातावर दुसरा हात निम्मा चढेल असा.

दोन, पाणी. पीयूच्या हार्डनरमधल्या आयसोसायनेटचं पाण्याशी वैर आहे. पाणी मिळालं की कार्बन डायऑक्साइड वायू निघतो आणि थरभर बारीक फेस येतो. कॉम्प्रेसर हवा दाबतो तेव्हा हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साचते. टाकीखालचा कॉक रोज उघडायचा, सकाळी नाही तर काम सुरू करायच्या आधी. आमच्या पोराने एकदा महिनाभर उघडला नव्हता. जुलै महिना होता, तपेलीभर गढूळ पाणी निघालं. गनजवळ पाणी अडवणारा फिल्टर हवाच, आणि तोही रिकामा करायचा असतो. हार्डनरच्या डब्याचं झाकण उघडं ठेवणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळत नाही. गढूळ झालेला, तळाशी साखर बसल्यासारखा हार्डनर फेकून द्या, चारशे रुपये वाचवायला जाऊन चाळीस हजारांचं टेबल घासू नका.

तीन, तेल आणि सिलिकॉन. हे बुडबुडे नसतात, मधे खड्डा आणि भोवती कडं, माशाच्या डोळ्यासारखं. माल तिथून पळून गेलेला असतो. कॉम्प्रेसरची रिंग गेली असेल तर हवेबरोबर तेल येतं: पांढऱ्या कागदावर मिनिटभर हवा मारून बघा, तेलकट डाग पडला तर रिंग बदला. जुन्या देव्हाऱ्याला परत पॉलिश करायचं असेल तर हे येणारच समजून चला, समईचं तेल वर्षानुवर्षं लाकडात मुरलेलं असतं. तिथे थिनरने चार-पाच वेळा, दरवेळी नवीन चिंधी घेऊन पुसावं लागतं, तरी तळाची फळी धोका देते.

आणि आता खास आपल्या गावचा संशयित. सोलापुरात पुसायला चिंध्या विकत घ्यायची गरज पडत नाही. यंत्रमागाच्या गावात टॉवेलचे कापलेले काठ आणि तुकडे किलोवर मिळतात, मऊ असतात, पाणी छान शोषतात. आम्हीही तेच वापरायचो. पण टॉवेल हाताला मऊ लागावा म्हणून त्याला शेवटी सॉफ्टनर देतात, आणि त्यात बऱ्याचदा सिलिकॉन असतं. कोऱ्या टॉवेलच्या तुकड्याने टॉप पुसला की आपणच अंगभर सिलिकॉन फासतो. मला हे टॉवेल कारखान्यात फिनिशिंगला असलेल्या माझ्या मेहुण्याने सांगितलं, जेवता जेवता, सहज. मी चमचा खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन फळ्या केल्या: एक कोऱ्या तुकड्याने पुसलेली, एक जुन्या, शंभर वेळा धुतलेल्या धोतराच्या फडक्याने. पहिलीवर मासे, दुसरी साफ. तेव्हापासून शेडमधे टॉवेल बंद, जुनी धोतरं आणि सुती चादरी चालू. शेजारी माग असेल तर हवेतल्या कापसाच्या तुसाचाही त्रास होतो, पण ते केस दिसतात आणि ४०० ने निघतात, जीव खात नाहीत.

पोरांना एक नियम आहे: जेवण झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय कोऱ्या लाकडाला हात लावायचा नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरी खाऊन बोटं पँटला पुसून फळी उचलली की बरोबर चार बोटांचे चार मासे येतात. हे मी पाहिलंय.

मास्कचं

हे शेवटी लिहितोय म्हणून कमी महत्त्वाचं समजू नका. तोंडाला रुमाल बांधून पीयू मारणं म्हणजे चाळणीत पाणी धरणं. आयसोसायनेटची वाफ आणि तुषार छातीत गेले की दमा जडतो, आणि एकदा शरीर बिथरलं की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. कार्ट्रिज असलेला मास्क, डोळ्याला गॉगल, हातमोजे, आणि खोलीतली हवा बाहेर जाण्याची सोय. पंखा साधा नको, त्याच्या मोटारीची ठिणगी थिनरला पुरते. संध्याकाळी मारायला लागल्यापासून शेजारच्यांची जेवणाची वेळ सांभाळावी लागते, म्हणून वास त्यांच्या खिडकीकडे जाणार नाही अशा बाजूने हवा काढली.

पावसाळ्यात घड्याळ परत फिरवा

जूनमधे पाऊस सुरू झाला की संध्याकाळची ही सगळी युक्ती उलटते. संध्याकाळी हवा निवते तसा दमटपणा वाढतो, हार्डनर पाणी पितो, आणि कोणी मेलामाईन किंवा एनसी मारत असेल तर थर दुधासारखा पांढरा पडतो. पण ढगाळ दिवशी पत्रा तापत नाही, लाकडाचा ताप दिवसभरात दोन-तीन अंश इकडेतिकडे होतो, त्यामुळे आतली हवाही गप्प असते. तेव्हा आम्ही दुपारी बारा ते तीनमधे मारतो, लाकूड सकाळपासून त्याच खोलीत ठेवून. मधेच लख्ख ऊन पडलं तर थांबतो. काचेचा तुकडा तेव्हाही शेजारी असतोच, मागच्या बाजूला तारीख, वेळ आणि लाकडाचा ताप मार्करने लिहून. शेडच्या कोपऱ्यात असे साठ-सत्तर तुकडे झालेत. कोणाचा फोन आला की मी आता पहिला प्रश्न विचारतो तो मालाच्या कंपनीचा नसतो. विचारतो, किती वाजता मारलं?